थांबणाऱ्याचं वाक्य

जपानी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला एक शब्द आधीपासून येत असतो, आणि तो नेमका नको असलेला. सायोनारा. पहिल्या दिवशी मी तो फळ्यावर लिहिते, त्यावर फुली मारते आणि सांगते, की घरातून बाहेर पडताना तिकडे कोणी असं म्हणत नाही. तो ताटातुटीचा शब्द आहे, रोज वापरलात तर समोरच्याला वाटेल, आता पुन्हा भेट नाही. वर्ग हिरमुसतो. जेवढं येत होतं तेवढंही गेलं.

मग तीन लिप्या. हिरागानाचा क्रम अ, इ, उ, ए, ओ, मग का, की, कू असा चालतो, म्हणून सगळे खूश होतात. अरे, हे तर आपल्या बाराखडीचंच भावंड, असं कोणीतरी म्हणतंच. काताकानात तेच उच्चार पुन्हा वेगळ्या अक्षरांत लिहायचे असतात हे कळल्यावर चेहरे उतरतात. कांजीची चिन्हं शेकड्यांनी नाही, हजारांनी आहेत, हे मी पहिला आठवडाभर बोलत नाही. माणसं पळून जाऊ नयेत एवढी अक्कल मला आहे.

माझा वर्ग टायरच्या दुकानावर, दोन खोल्यांत भरतो. बाहेरच्या खोलीत टेबल आणि संगणक, आतल्या खोलीत फळा आणि बाकं. खालून रबराचा वास येतो, तो आता मला येईनासा झालाय. येणारे बहुतेक जण नोकरीसाठी येतात. तिकडच्या वृद्धाश्रमांत म्हाताऱ्यांची काळजी घ्यायला माणसं कमी पडतात आणि इकडे माणसांना काम कमी पडतं. मला भाषेची हौस आहे, त्यांना गरज आहे. हौशी माणसापेक्षा गरजू माणूस मला बरा वाटतो, तो निदान वेळेवर येतो.

लगबग वेळेवर यायची, पण शेवटपर्यंत थांबायची नाही. म्हणून तर वर्गाने तिचं नाव लगबग ठेवलं. दुपारच्या पाळीला ती एका हॉस्पिटलात पेशंटचं सगळं करायची: अंघोळी घालणं, कूस बदलणं, भरवणं, चालवून आणणं. माझ्या तासाचा शेवटचा अर्धा तास जोड्या लावून बोलण्याचा असतो. त्याच्या आधी ही बाई डबा, पिशवी, छत्री गोळा करून दाराशी उभी. "निघते हं, सेन्सेइ." सेन्सेइ म्हणजे शिक्षक. एवढं एक ती जपानीत म्हणायची आणि जिना दणदण उतरायची.

"बोलायचा सराव कधी करणार?" मी एकदा तिला जिन्यातच गाठलं.

"घरी करते ना. आईबरोबर."

"आईला जपानी येतं?"

"तिच्या वाट्याचं येतं," ती म्हणाली आणि गेलीसुद्धा. तेव्हाच मी कान टवकारायला हवे होते, पण मला पुढच्या तासाच्या चाचण्या तपासायच्या होत्या.

हॉस्पिटलातलं तिचं कंत्राट पावसाळ्यानंतर संपणार होतं आणि नवीन माणसं आधीच शिकाऊ म्हणून फिरायला लागली होती. तिकडची नोकरी मिळाली तर बरं, नाहीतर घरी बसणं होतं. हे तिनेच मला सांगितलं, रडगाणं न लावता, आज पाणी येणार नाही असं सांगावं तसं. तिला वडील नव्हते. आई घरी शिवणकाम करायची.

तिची मुलाखत माझ्याच संगणकावर झाली. पडद्यावर त्या वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाई, वयाने माझ्याएवढ्या, चष्मा कपाळावर ढकललेला. मी दुभाषी म्हणून बाजूला. सुरुवात झकास झाली. नाव, गाव, अनुभव, सगळं लगबगने न अडखळता सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला खुर्चीतून कसं उठवायचं ते तिने माझ्यावरच करून दाखवलं, आणि मला कबूल करायला हवं की इतक्या अलगद मला आजवर कोणी उठवलेलं नाही. मेट्रनबाई खूश दिसल्या.

मग त्या म्हणाल्या, आता आपण थोडं नाटक करू. मी तुमच्या आश्रमातली आजी आहे. मी डॉक्टरकडे निघालेय. आणि त्यांनी पदर सावरल्यासारखं काहीतरी करून म्हटलं, "इत्तेकिमास."

इत्तेकिमास म्हणजे जाऊन येते. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, आपणही निघताना येते म्हणतो. घरात थांबणाऱ्याने त्यावर म्हणायचं, इत्तेराश्शाय, म्हणजे जाऊन या. बाहेरून आलेला म्हणतो तादाइमा, आले बरं का. घरातल्याने म्हणायचं ओकाएरी, आलात, या. दोन वाक्यं जाणाऱ्याची, दोन थांबणाऱ्याची. पहिल्या महिन्याचा धडा.

लगबग ताडकन उठली. "इत्तेकिमास!" असं खणखणीत म्हणाली, पिशवी खांद्याला लावली आणि खोलीच्या बाहेर निघून गेली.

पडद्यावरची आजी आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. बाहेर जिन्यात पावलं चार पायऱ्या उतरली आणि थबकली. मग ती परत वर आली, दारात उभी राहिली, आणि घाबरून तिच्या तोंडून जे निघालं ते हे: "तादाइमा."

मेट्रनबाई हसल्या, डोळे पुसले आणि मग फार सभ्यपणे म्हणाल्या, की मुलगी छान आहे, हात चांगले आहेत, पण आम्हाला घरात थांबणारं माणूस हवंय. आमची म्हातारी माणसं बाहेर जातात, परत येतात. त्यांना कोणीतरी घरात असायला लागतं. महिन्याभराने जागा भरायच्या आधी त्या तिला एकदाच पुन्हा बोलावतील. तेव्हाही असंच झालं तर यादीतून नाव जाईल.

पडदा बंद झाला. लगबग खुर्चीच्या कडेवर बसून होती. "मला येत होतं सगळं, सेन्सेइ," ती म्हणाली. "पाय आपोआप उठले."

मला राग आला होता. तिच्यावर नाही, तसा कोणावरच नाही. एवढी तयारी केलेलं माणूस असं आपल्या पायांनी बाहेर चालत जातं याचा राग आला. मी म्हटलं, चल, मला बघायचंय तू घरी काय करतेस ते.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. खोलीत शिरताच आधी दिसतं ते शिवणयंत्र, खिडकीला लावलेलं, आणि मग त्यामागची आई. आजूबाजूला अर्धवट शर्ट, शाळेचे गणवेश, चेन उसवलेल्या पँटी. यंत्राच्या वरच्या भिंतीवर लेकीचे सरावाचे कागद टाचण्यांनी टोचलेले.

लगबग चपला काढता काढता म्हणाली, "तादाइमा."

आईने मान वर केली नाही. हात कापडावर, पाय पायडलवर. "ओकाएरी," ती म्हणाली, आणि मी दारातच थांबले. माझ्या वर्गात इतकं सहज हे कोणी म्हणत नाही. मीसुद्धा नाही म्हणत.

चहा झाला. आईने माझ्या कोटाची बाही धरून बघितली, मला न विचारता. "हे कोणी शिवलंय बाई तुम्हाला? खांद्यात झोळ आहे." मी म्हटलं, दुकानातून घेतलाय. ती म्हणाली, "तेच."

मग तिने भिंतीवरच्या कागदांकडे बोट केलं. "ही वळणदार अक्षरं म्हणजे सुटलेला दोरा. आणि ही दुसरी कात्रीने कापल्यासारखी. पोरीचं नाव तुम्ही या कात्रीच्या अक्षरांत का लिहायला लावलंत?"

मी सांगितलं. काताकाना मुख्यतः बाहेरून आलेल्या शब्दांसाठी वापरतात. परदेशी वस्तू, परदेशी माणसं.

"आणि ती तिथे राहिली वर्षानुवर्षं, तरी?"

"तरी बहुतेक याच अक्षरांत."

"म्हणजे कायमची पाहुणी," आई म्हणाली. तिने यंत्र पुन्हा सुरू केलं आणि एक शिवण पूर्ण केली. हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच.

सराव कसा चालायचा तेही कळलं. वेगळा असा तो नव्हताच. लेक खरोखर कामाला निघायची तेव्हा म्हणायची, इत्तेकिमास. खरोखर परत यायची तेव्हा तादाइमा. आई यंत्रावरून उत्तर द्यायची. सकाळ-संध्याकाळ, महिनोन् महिने. दोघींनाही आपापला अर्धा भाग झोपेत विचारला तरी आला असता. उरलेला अर्धा कोणालाच येत नव्हता, कारण आई घराबाहेर पडतच नव्हती. गिऱ्हाईक घरी येतं. भाजी, दोरे, औषधं लेक आणते. गुडघे दुखतात. आणि जायचं तरी कुठे?

"आता उलटं करायचं," मी म्हटलं. "आई बाहेर जाणार. ही घरात थांबणार."

"मी?" आई हसली. "मी कुठे जाऊ?"

"जिना उतरा आणि चढून या."

"काही कामाशिवाय?"

"हेच काम."

"बाई, खालच्या मजल्यावरचे म्हणतील, हिला वेड लागलं."

"म्हणू देत. तुम्ही त्यांना सांगा, लेकीची परीक्षा आहे. परीक्षेसाठी म्हटलं की लोकांना सगळं पटतं."

ती उठली, पण मला दाखवायला म्हणून. दारात उभी राहून लाजत म्हणाली, "इत्तेकिमास." लगबग यंत्राच्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसली होती, दातांच्या डॉक्टरकडे बसतात तशी. "इत्तेराश्शाय," ती म्हणाली. उच्चार निर्दोष. स्टेशनवर गाडीची घोषणा व्हावी तसा.

त्या दिवसापासून लगबग सकाळी घरातून निघायची ती गुपचूप, काही न म्हणता. हा मी घालून दिलेला नियम. जाणाऱ्याची वाक्यं आता आईची. संध्याकाळी लेक परतली, हातपाय धुतले, की आई निघायची. पहिल्यांदा जिना. मग फाटक. मग कोपऱ्यावरचं दुकान, तिथे तिने बटणं स्वतः निवडली आणि घरी येऊन लेकीला ऐकवलं की इतके दिवस तू मला दुय्यम माल आणून देत होतीस. मग बाग, तिथला बाक. मला रोज सकाळी अहवाल मिळायचा, तोही तक्रारीच्या सुरात. आई हल्ली बराच वेळ लावते. आईने नवीन चपला घेतल्या. आई म्हणते, तू बस गं घरात, मी येते जाऊन.

मी दर दोन-तीन दिवसांनी लगबगची परीक्षा घ्यायचे. तास सुरू व्हायच्या आधी बाहेर जायचं, आत यायचं, तादाइमा म्हणायचं. ती ओकाएरी म्हणायची. कधी चुकायची नाही आणि कधी मला बरंही वाटायचं नाही.

"शब्द बरोबर आहे," मी तिला म्हटलं. "पण घरात कोणी आहे असं वाटत नाही."

"म्हणजे काय करू?"

ते मला सांगता आलं असतं तर मी आधीच सांगितलं असतं. मी चिडून म्हटलं, आणखी सराव कर.

मुलाखतीला चार-पाच दिवस उरले होते, तेव्हा ती एका सकाळी डोळे सुजवून आली. बाकं अजून रिकामी होती. काल आई कॉलरचं अस्तर आणायला मोठ्या बाजारात गेली होती, पहिल्यांदाच. फोन यंत्रावर विसरली. अंधार पडायच्या आत येते म्हणाली होती. अंधार पडला.

"आधी मी स्वयंपाक केला," लगबग म्हणाली. "मग गॅस बंद केला. मग खिडकीत उभी राहिले. तिथून फाटक दिसत नाही, म्हणून खाली गेले. खाली गेल्यावर वाटलं, ती मागच्या रस्त्याने आली असेल आणि वर दाराशी उभी असेल, म्हणून परत वर. असं कितीदा केलं कोण जाणे. सेन्सेइ, मी हॉस्पिटलात माणसं मरताना बघितलीयत. मला कधी असं झालं नाही."

"मग?"

"मग आली. जुनं गिऱ्हाईक भेटलं होतं म्हणे, त्या बाईकडे चहाला बसली. दारातून हसत हसत तादाइमा. आणि मी किंचाळले. कुठे होतीस, काही अक्कल आहे का, माझा जीव गेला असता. काय काय बोलले. मग रडले." तिने नाक पुसलं. "ओकाएरी म्हणायचं राहूनच गेलं."

"आई काय म्हणाली?"

"चपला काढल्या. मग जेवताना म्हणाली, आता कळलं का, मी रोज यंत्र का चालू ठेवते ते. आवाज असला की वेळ जातो म्हणे."

मी तिच्यासाठी पाण्याचा ग्लास भरला. एरवी मी कोणासाठी उठत नाही.

दुसऱ्या मुलाखतीला मेट्रनबाईंनी वेळ घालवला नाही. चष्मा कपाळावर, खुर्ची मागे. मी आजी आहे, म्हणाल्या, आणि पडद्याच्या चौकटीबाहेर निघून गेल्या. आम्हाला नुसती रिकामी खुर्ची आणि मागची भिंत दिसत होती. त्या लवकर परत येईनात. मला वाटलं, नेट गेलं की काय. लगबग पडद्याकडे बघत होती, मग पुढे झुकली, मग उभीच राहिली. टेबलाची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"तादाइमा," आवाज आला, आणि मागून मेट्रनबाई.

"ओकाएरीनासाय!" लगबग म्हणाली, ओकाएरीचंच आदराचं रूप, आणि तिथेच न थांबता मराठीतच सुटली, "किती उशीर केलात! अहो, सांगून तरी जायचं. बसा आधी, बसा, पाणी देते."

मी डोळे मिटले. गेली ही नोकरी, असं मला वाटलं.

मेट्रनबाईंनी मला विचारलं, शेवटी ती काय म्हणाली? मी दुभाषी, मला पर्याय नव्हता. जसंच्या तसं सांगितलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि लगबगला थेट विचारलं, सावकाश, सोप्या जपानीत: थंडीची सवय आहे का? जाड कपडे आहेत? नसले तर इथे आल्यावर घेऊ. माझ्या वर्गाच्या इतिहासात नोकरी मिळाल्याची बातमी कोणाला अशी मिळालेली नाही. लगबगला ती कळायलाच वेळ लागला. मला आनंद झाला, आणि तो मी त्या दिवशी कोणाशी भांडण न करून साजरा केला.

ती निघाली त्या दिवशी घरात काय झालं, कोण दारात होतं आणि कोणी काय म्हटलं, मला माहीत नाही. मी नव्हते. मी विचारलंही नाही. सामान जास्त झालं म्हणून आईने शिवलेला एक कोट मागे ठेवावा लागला, एवढंच नंतर कानावर आलं. इकडे माझी संध्याकाळची नवी तुकडी सुरू झाली होती.

नवी तुकडी म्हणजे डोकेदुखी. पहिल्या आठवड्यात मी त्यांना सांगते, की मी जपानीत जे म्हणेन ते मोठ्याने माझ्यामागे म्हणायचं, विचार करायचा नाही. आणि ते खरंच करत नाहीत. मी शिंकले तरी म्हणतील, अशी अवस्था. त्या दिवशी आम्ही सकाळच्या नमस्कारावर होतो, संध्याकाळच्या सहा वाजता, आणि पुढच्या बाकावर ठेवलेला माझा फोन वाजला. वर्गात फोन वाजलेला मला खपत नाही, पण स्वतःचा असला की इलाज नसतो. खडूच्या हाताने उचलवेना, म्हणून मी बोटाच्या मागच्या बाजूने बटण दाबून आवाज मोठा केला.

"बाई, मी लगबगची आई."

"बोला. काय झालं? तिचं सगळं ठीक?"

"ती मजेत आहे. काल बोलली. तिच्याकडच्या एका आजींनी तिला नावाने हाक मारली म्हणे." मागे यंत्राचा आवाज नव्हता. "मी बटणं आणायला गेले होते."

"बरं."

"आत्ताच आले. कुलूप काढलं, आत आले." चाव्या कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. "तुम्ही कामात असाल. ठेवते."

मी वर्ग घेत होते, म्हणून मला उशिरा कळलं. पण कळलं.

"थांबा," मी म्हटलं. "काय म्हणायचं असतं आल्यावर?"

मग अगदी हळू, जिना चढून दमलेल्या आवाजात, ती म्हणाली, "तादाइमा."

"ओकाएरीनासाय," मी म्हटलं.

आणि माझ्यामागून अख्खा वर्ग, बाकं हलतील इतक्या मोठ्याने ओरडला, "ओकाएरीनासाय!"

मी त्यांना गप्प करायला हात वर केला, पण तो तसाच राहिला. फोनमध्ये काही ऐकू येईना. मला वाटलं, घाबरून ठेवला.

"अगं बाई," ती शेवटी म्हणाली. "एवढी माणसं?"

"वर्ग भरलाय," मी म्हटलं.

"रोज असतात?"

"रविवार सोडून."

"असं का," ती म्हणाली. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, चपला काढल्याचा आला. "मग उद्या जरा लांब जाऊन येते."